स्थानकावरील मोफत वाय-फाय आणि आपला लॅपटॉप

गुगल व रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू केले. २०२० मध्ये गुगलने या उपक्रमातून माघार घेण्याचे जाहीर केले. रेलटेलने सेवा पुढे चालविली. मार्च २०२१ मध्ये सशुल्क योजना आल्या, तरी रोजची पहिली ३० मिनिटे मोफत राहिली.

जोडणीसाठी लॅपटॉपवर ‘रेलवायर’ नेटवर्क निवडून ब्राउझर उघडावा, मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि एसएमएसने आलेला ओटीपी भरावा.

पासवर्डविना चालणाऱ्या खुल्या नेटवर्कच्या नावाने बनावट नेटवर्क कोणीही उभारू शकतो. म्हणून विंडोजमध्ये ‘पब्लिक’ पर्याय निवडावा, फाइल शेअरिंग बंद ठेवावे आणि बँकेचे व्यवहार मोबाइल डेटावरच करावेत. काम संपताच ‘फर्गेट’ म्हणावे. अन्यथा त्याच नावाच्या बनावट नेटवर्कलाही लॅपटॉप आपोआप जोडला जाऊ शकतो.