साथीचा बंदोबस्त : १८९७ चा कायदा आणि रत्नागिरीचा चाकरमानी

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळले, आणि काही महिन्यांतच शहर ओस पडू लागले. गिरणीकामगारांचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातला. आगबोट वा गलबत गाठून त्यानेही घरची वाट धरली. तो केवळ रोगाला भ्याला होता असे मानणे अपुरे ठरेल. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांनी ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, तो रोग्यास घरच्यांपासून तोडून नेले जाते या धास्तीपोटीच होय.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथीच्या रोगांचा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. ‘धोकादायक साथ’ कशास म्हणावे याची व्याख्या त्यात नाही. रेल्वेने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करून संशयितांस अलग ठेवण्याचा अधिकार दुसऱ्या कलमाने दिला. (रत्नागिरीस रेल्वे येण्यास अद्याप सुमारे शंभर वर्षे होती, तेथल्या माणसाचा समावेश ‘अन्य मार्गा’तच होत होता.) तिसऱ्या कलमात शिक्षा होती, चौथ्याने मात्र सद्भावनेने वागणाऱ्या अंमलदारास दाव्यापासून अभय दिले. ज्याच्या घरात शिरावयाचे त्याला कोणते अभय, याविषयी कायदा मौन पाळतो.

या संदर्भात मराठीतील शब्दयोजना लक्षणीय आहे. ‘बंदोबस्त’ हा मूळचा फारसी शब्द. त्यात बांधण्याचा अर्थ दोनदा आला आहे. रोगाचा बंदोबस्त आणि गुन्हेगाराचा बंदोबस्त यांत भाषेने भेद ठेवला नाही. घराची ‘झडती’ही तशीच : चोरीच्या मालासाठी आणि आजारी माणसासाठी एकच शब्द. पुण्यात रँड यांच्या कारकीर्दीत गोऱ्या शिपायांनी घरोघर जे केले, त्यास हे शब्द चपखल बसले. २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

लोक रोगी लपवू लागले. म्हणजे ज्या माहितीवाचून उपाय अशक्य, तीच बळजबरीने नाहीशी केली. शिवाय ग्रंथिक प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य नव्हते. माणसे हलवून उंदीर हलत नव्हते. पुढे सरकारनेच सक्ती सैल केली, परंतु कायदा मागे घेतला नाही.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच कायदा लागू करण्यात आला. त्या वर्षी त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस कडक शिक्षा देण्यासाठी. मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी पुन्हा रत्नागिरीच्या वाटेला लागला, आणि अनेक गावांत त्याला घरी न जाता प्रथम मराठी शाळेच्या वर्गात राहावे लागले. सरकारी कागदात याला ‘विलगीकरण’ हा नवा संस्कृत शब्द होता. वाडीवर मात्र ‘क्वारंटाईन’च चालला. या वेळी दारात गोरा शिपाई नव्हता. ग्राम कृती दलात आपल्याच भावकीतली माणसे होती, आणि कोण आला हे त्यांना झडतीवाचून ठाऊक होते.