आपला अर्ज मिळाला आहे

‘आपला अर्ज मिळाला. तो पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे.’

मित्रांनो, ह्या दोन ओळी तुम्ही वाचलेल्या आहेत. वर आमदाराचं नाहीतर खासदाराचं नाव, खाली रबरी शिक्का, मधे नावासाठी सोडलेली मोकळी जागा. त्या जागेत आपलं नाव हातानं भरलेलं, तेही कधी कधी चुकीचं. अर्ज स्मशानाच्या रस्त्याचा असो, घरकुलाचा असो, गायरानाच्या पट्ट्याचा असो, उत्तर हेच. मूर्तिजापूरच्या आसपासच्या कोणत्याही वस्तीत जा, बाबासाहेबांच्या फोटोमागं खोचून ठेवलेला असा एखादा कागद सापडेल. म्हातारी माणसं म्हणतात, ‘सायबाचा कागद आला बाप्पा, आता होते काम.’ काम होत नाही. कागद पिवळा पडतो.

यावर आपली पोरं दोन गोष्टी करतात. एक तर कागद चुरगाळून फेकतात अन् म्हणतात, सारे चोर आहेत. नाहीतर पुन्हा तसाच अर्ज लिहायला बसतात. ह्या दोन्ही गोष्टी करण्याआधी त्या कागदाचा इतिहास पाहिला पायजे. तो कागद आजचा नाही. आपल्या आज्यापणज्यांनी तो हातात धरलेला आहे. अन् त्याचं करायचं काय, हेही एकदा दाखवून झालेलं आहे.

पहिले तो चालतो कसा ते पाहू. मी जिनिंगमधे काम करतो. रेच्यात कापूस पडला की रुई एकीकडे अन् सरकी दुसरीकडे निघते. कचेरीच्या रेच्यात अर्ज पडला की माणूस एकीकडे पडतो अन् त्याचं म्हणणं दुसरीकडे. लोकप्रतिनिधीच्या लेटरहेडवरून तो कलेक्टरकडे जातो. तिथं बारनिशीत नंबर पडतो. कलेक्टर कचेरी तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवते, तिथून तहसीलदाराकडे, तिथून मंडळ अधिकाऱ्याकडे, शेवटी तलाठ्याकडे. दर टप्प्याला एक जावक क्रमांक अन् ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा. म्हणजे ज्या गावाच्या जाचाला कंटाळून माणसानं बाहेर अर्ज केला, तो अर्ज फिरून त्याच गावात येऊन पडतो. तलाठी कोणाच्या ओसरीवर बसून अहवाल लिहितो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. ‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही’, एवढं लिहिलं की प्रकरण दप्तरी दाखल. ह्या साखळीत कोणीच ‘नाही’ म्हणत नाही. म्हणूनच भांडायचं कोणाशी, ते समजत नाही.

आता मागं जाऊ. इंग्रजांनी १८९० नंतरच्या काळात महारांची लष्करभरती बंद केली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे, ज्यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढलं, त्यांनी त्यासाठी अर्ज केले. विसाव्या शतकाच्या सुरवातीलाच सासवडला महारांची सभा भरवून सरकारकडे अर्ज गेला. १९१० साली तर थेट विलायतेला, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे. मागणं काय? फौजेत अन् पोलिसात घ्या, खालच्या दर्जाच्या सरकारी नोकऱ्या द्या. भाषा अत्यंत अदबीची. दारं उघडली नाहीत. १९१७ साली महार पलटण उभी राहिली, तव्हा महायुद्ध पेटलं होतं अन् सरकारला माणसं पायजे होती. युद्ध संपलं अन् १९२१ साली पलटण मोडली. दुसरं महायुद्ध आलं, तव्हा १९४१ साली महार रेजिमेंट झाली. अर्ज करणारी माणसं तीच होती, त्यांची छातीही तेवढीच होती. बदलली ती सरकारची गरज. नुसत्या अर्जाची ताकद किती, याचा हा पहिला हिशेब.

तुम्ही म्हणाल, तो परक्या सरकारचा काळ. मग निवडून आलेल्यांच्या सभेचं बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव मांडला अन् तो पास झाला. सरकारी पैशानं बांधलेल्या अन् चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. ११ सप्टेंबरला सरकारनं त्यावर हुकूम काढला. खात्यांच्या प्रमुखांना सांगितलं, सरकारी मालकीच्या जागांपुरती अंमलबजावणी करा. म्युनिसिपालट्या अन् लोकल बोर्डांचं काय? त्यांच्याबाबत कलेक्टरांना कळवलं की, ही शिफारस मान्य करणं इष्ट आहे का याचा विचार करावा, असा सल्ला त्यांना द्या.

हे वाक्य पुन्हा वाचा. विचार करावा, असा सल्ला द्या. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ याचा हा बाप आहे.

महाडच्या म्युनिसिपालटीनं तरी जानेवारी १९२४ मधे ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना वापरायला हरकत नाही. ठराव झाला, वहीत चढला. तीन वर्षं त्या तळ्यावर आपलं एक माणूस पाणी प्यायला गेलं नाही. जाऊ शकत नव्हतं. ठराव वहीत होता अन् तळ्यावर गाव उभं होतं. १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला की ज्या संस्था हे पाळणार नाहीत त्यांचं अनुदान थांबवा. तरी काही हललं नाही.

मग बाबासाहेबांनी काय केलं? त्यांनी चौथा अर्ज केला नाही. त्यांनी तो ठराव फाडलाही नाही. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं घेऊन ते तळ्यावर गेले अन् पाणी प्याले. तुम्हीच लिहून दिलं आहे, हरकत नाही म्हणून. आम्ही तुमचा कागद घेऊन आलो आहोत. त्या दिवशी परिषदेला आलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या, डोकी फुटली. अन् ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच म्युनिसिपालटीनं आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

इथं थांबा दोस्तहो. ज्या कागदाची तीन वर्षं कोणाला फिकीर नव्हती, तो रद्द करायची घाई कामून झाली? कारण त्या कागदावर पाय ठेवून माणूस चालून गेला. कागद वहीत होता तोवर तो म्युनिसिपालटीचा होता. तळ्यावर गेला तव्हा तो आपला झाला. पुढं सवर्ण कोर्टात गेले. खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, अस्पृश्यांना मनाई करणारी पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. दहा वर्षं लागली. पण निकाल लागला, तो तळ्यावर गेलेल्या माणसांच्या बाजूनं.

अन् आम्हाला अधिकार नाही, वरून हुकूम पायजे, असं जे निवडून आलेले लोक सांगतात, त्यांना वऱ्हाडातलंच उदाहरण द्या. नोव्हेंबर १९२७ मधे अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. त्या चळवळीत डॉ. पंजाबराव देशमुख उभे राहिले. पुढं ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. ते आपल्या जातीतले नव्हते. पण निवडून आलेल्या माणसाला उत्तर द्यायचं असलं तर देता येते, एवढं त्यावरून कळते.

मग इतरांना कामून द्यावंसं वाटत नाही? त्याचं मूळ १९३२ च्या पुणे करारात आहे. जातीय निवाड्यानं आपल्याला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्यात आपला प्रतिनिधी फक्त आपल्या मतावर निवडून येणार होता. गांधींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरला करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाला. जागा वाढल्या, दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात हे मांडून ठेवलं आहे. ज्याला आपल्या एकट्याच्या मताची भीती नाही, त्याला आपल्याला खरं उत्तर द्यायची गरज नाही. त्याला पोच पुरते.

स्वराज्य आल्यावरचे हिशेब पाहा. १ ऑक्टोबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकारानं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या सेंट्रल हॉलमधे बाबासाहेबांची तसबीर लावा. नुसती सनद देऊन ते थांबले नाहीत. ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह झाला, देशभर लाखो माणसं तुरुंगात गेली, बाया लेकरं कडेवर घेऊन गेल्या. तरी तसबीर लागली १९९० साली. बौद्धांच्या सवलतींचा केंद्राचा कायदा झाला १९९० साली. महाराष्ट्रात गायरानावरच्या मागासवर्गीयांच्या अतिक्रमणांचा शासन निर्णय निघाला नोव्हेंबर १९९१ मधे, तोही १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अतिक्रमणांपुरता. पंचवीस-सव्वीस वर्षं. तुरुंगात गेलेली किती माणसं तोवर मातीत गेली असतील.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला एकमतानं केला. एकमतानं! त्यानंतर मराठवाड्यात आपली घरं जळाली. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. एकमताचा ठराव साडेपंधरा वर्षं पडून राहिला.

अन् आपला अकोला जिल्हा. १९७४ साली ढाकळीत गवई बंधूंचे डोळे काढले. पँथरनं त्या दोघा भावांना मुंबईत पंतप्रधान इंदिरा गांधींपुढं नेऊन उभं केलं. कागद पाठवला असता तर कागद आला असता. फुटलेल्या डोळ्यांना छापील पोच देता येत नाही, हे पँथरला कळलं होतं.

आता यंत्र बदललं आहे. २०१५ पासून राज्य सरकारचं ‘आपले सरकार’ आहे. तक्रार मोबाइलवरून जाते, पोच तिथंच येते, अन् पुढं एक दिवस ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो. रस्ता मात्र आहे तसाच. उलट सरकारला आपल्याकडून काही पायजे असलं की कागद कसा येतो पाहा. २०२२ साली हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानाच्या नोटिसा निघाल्या. नोटिशीत गट नंबर असते, क्षेत्र असते, मुदत असते. आपल्या अर्जाच्या उत्तरात ह्यातलं एकही नसते. म्हणजे नेमकं लिहिता येत नाही असं नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की छापील उत्तर फेकू नका. त्यावर तारीख आहे, जावक क्रमांक आहे. आपलं म्हणणं पोचलं, याची ती सरकारी कबुली आहे. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायची वाट त्या कागदानं बंद होते. तो ज्या कचेरीकडे पाठवला, तिथं माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारा, माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता, तिथं कोण होतं, त्यानं काय शेरा मारला, साऱ्या फाइलची नक्कल द्या. तीस दिवसात उत्तर द्यावं लागते. २००५ च्याच बदल्या अन् दिरंगाईच्या कायद्यात लिहिलं आहे की फाइल एका टेबलावर साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये. तो कायदा त्यांच्यापुढं ठेवा.

हे एकट्यानं करायचं काम नाही. एकट्याचा अर्ज तलाठ्याच्या गाठोड्यात जातो. दर वस्तीत एक वही ठेवा. त्यात प्रत्येक अर्ज, त्याची पोच, तिचा नंबर, किती दिवस झाले, सारं लिहा. पन्नास घरांच्या पन्नास पोचा एका ठिकाणी आल्या की त्यातलं सारखं वाक्य आपोआप दिसते. मग त्या पन्नास जणांनी ते पन्नास कागद घेऊन एकाच दिवशी तहसीलवर जायचं. मत मागायला माणूस वस्तीत येईल, तव्हा तीच वही त्याच्यापुढं उघडायची अन् तारखा वाचून दाखवायच्या.

महाडला एक ठराव होता अन् तो घेऊन चालणारी हजारो माणसं होती. आपल्यापाशी कागद घरोघर आहेत. येत्या चौदा एप्रिलच्या आधी आपल्या वस्तीतले गोळा करा अन् मोजा.

जय भीम.