गदा, काटा आणि सत्तावन किलो

पॅरिस २०२४ पर्यंत भारताला ऑलिंपिकच्या कुस्तीत आठ पदकं मिळाली. हेलसिंकीला १९५२ साली खाशाबा जाधव, वजनी गट ५७ किलो. सुशील कुमार दोनदा, ६६ किलो. योगेश्वर दत्त ६०, साक्षी मलिक ५८, रवी दहिया ५७, बजरंग पुनिया ६५ आणि अमन सेहरावत पुन्हा ५७. या यादीत ६६ किलोंच्या वरचा एकही मल्ल नाही.

आता महाराष्ट्र केसरीची गदा पाहा. ज्या गटातून ती मिळते त्याचं वजन ८६ ते १२५ किलो. म्हणजे देशाला पदकं आणून देणाऱ्या या शरीरांपैकी एकालाही, त्या वजनावर, गदेसाठी आखाड्यात उतरताच आलं नसतं. ५७, ६१, ६५, ७०, ७४ अशा हलक्या गटांच्या कुस्त्या त्याच अधिवेशनात होतात, पदकंही दिली जातात. पण मैदान भरतं ते शेवटच्या जोडीला. पुण्याला जानेवारी २०२३ मध्ये शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा त्याला गदेसोबत थार गाडी मिळाली, हे बहुतेकांना आठवतं. त्या वर्षी ५७ किलोंत कोण जिंकलं, हे कुस्तीच्या पक्क्या शौकिनालाही आठवावं लागेल.

याचं मूळ जत्रेच्या मैदानात आहे. तिथे वजनाचा काटा नव्हता. दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागत, मग नारळावरच्या, मग इनामाच्या, आणि ऊन उतरता उतरता हलगीच्या कडकडाटात एक नंबरची जोड. जोड लावायचं काम गावचे जाणते आणि वस्ताद करत. खांदा, मान, मांडी नजरेने जोखून ‘हे दोघं तोलामोलाचे’ असं ठरे. नजर अनुभवी असली तर जोड बरोबर लागे, नाही तर कुणाच्या तरी बरगड्यांवर भागे. शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबागेचं मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये खुलं झालं आणि या कलेला राजाश्रयाचं कायमचं घर मिळालं. मात्र खुराक, मान आणि इनाम यांची उतरंड जत्रेतलीच राहिली: वर जड, खाली हलके. १९५३ मध्ये कुस्तीगीर परिषद निघाली, १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी सुरू झाली, आणि ही उतरंड नियमात जाऊन बसली.

युरोपचीही सुरुवात काट्याशिवायच झाली होती. अथेन्सच्या १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीला वजनी गटच नव्हते. तिथे जिंकला कोण? कार्ल शुमान नावाचा जर्मन जिम्नॅस्ट, उंची जेमतेम पाच फूट चार इंच. पहिल्याच फेरीत त्याने लाँसेस्टन एलियट या भारोत्तोलनातल्या विजेत्याला पाडलं. अंतिम कुस्ती अंधार पडल्यामुळे थांबवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरी झाली. बुटक्याला मोठ्याशी लढता येतं का, या प्रश्नाचं पहिलं ऑलिंपिक उत्तर असं खुद्द पहिल्याच स्पर्धेत मिळालं. पुढच्या काळात वजनी गट आले ते लहान माणूस हरतो म्हणून नव्हे, तर प्रत्येक वेळी शुमान सापडत नाही म्हणून.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा या काट्याचं महाराष्ट्रातलं पहिलं मोठं फळ. उंची पाच फूट पाच इंच. लाल मातीत वाढलेला हा गडी १९४८ साली लंडनला मॅटवर उतरला तो फ्लायवेट गटात, आणि सहावा आला. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्च दिला होता, लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने शिकवलं. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशांचा प्रश्न. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

खाशाबांचा हातखंडा डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची आणि अंग फिरवून त्याला खाली आणायचं. या डावात ताकदीइतकाच वेग लागतो, आणि वेग त्यांच्याकडे भरपूर होता. हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती ते हरले. ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला सांगण्यात आलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण ती मागायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. ती कुस्तीही ते हरले आणि कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही हकिगत बहुधा सरकारी अनास्थेचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ते खरंच आहे. पण तिच्यात शरीराचाही एक हिशेब दडलेला आहे. त्या दिवशी खाशाबांना वजनाने कुणी भारी पडलं नाही, त्यांना विश्रांती मिळाली नाही. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचेच केशव माणगावे ६२ किलोंत चौथे आले. कोल्हापूरच्या मातीतून एकाच वेळी दोन हलके मल्ल जगाच्या पहिल्या चारांत पोचले होते.

खाशाबा पुढे पोलीस दलात गेले. तिथे असतानाच गुडघा दुखावला आणि मेलबर्न १९५६ ची संधी हुकली. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर, कितीतरी वर्षांनी.

हलका मल्ल काट्याच्या आश्रयानेच जिंकतो, असं यावरून कुणी म्हणेल. त्याला नरसिंग यादवचं उदाहरण द्यावं. मुंबईत वाढलेल्या नरसिंगने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. त्यातल्याच २०१२ साली तो लंडन ऑलिंपिकमध्ये खेळला, आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य मिळवलं. दोन्हीकडे गट ७४ किलो. ऑलिंपिकसाठी वजन उतरवायचं, गदेसाठी चढवायचं, आणि तिथे जन्मजात जड असलेल्यांना तीन वर्षं ओळीने हरवायचं. हे करताना त्याने स्वतःच्या शरीराकडून काय वसूल करून घेतलं असेल, याचा विचार फेटे उडवणाऱ्या मैदानाने केला असेल असं वाटत नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने दुसरी वाट धरली. तो आपल्या वजनातच राहिला. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०१८ मध्ये ५७ किलोंचं सुवर्ण आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोंचं कांस्य त्याने आणलं. गदा त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही.

राहिला दुखापतीचा प्रश्न. लहान चणीचा माणूस लवकर मोडतो, ही समजूत जगभर आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या उंचीवरून दर हंगामात हाच वाद रंगतो. चेंडू फेकणाऱ्या या गड्यावर शंभर-सव्वाशे किलोंचे बचावपटू धावून येतात आणि त्या खेळात काटा नाही. पाच फूट अकरा इंचांच्या रसेल विल्सनने २०१४ मध्ये सुपर बोल जिंकून दाखवला. पाच फूट दहा इंचांच्या कायलर मरेचा गुडघा डिसेंबर २०२२ मध्ये गेला तेव्हा लोक म्हणाले, बघा. पण तो गुडघा गेला त्या क्षणी त्याला कुणी धडकलंच नव्हतं. पळता पळता पाय रुतला, इतकंच.

कुस्तीतही शरीर मोडतं ते बहुतेकदा समोरच्याच्या वजनाने नव्हे. पन्हाळा तालुक्यात २०१८ मध्ये जत्रेच्या कुस्तीत मानेवर पडून एक तरुण मल्ल दगावला. मान अडकलेली असताना अंग वरून आलं की समोरचा साठ किलोंचा की नव्वद, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो पंच किती चटकन कुस्ती सोडवतो, जखमी मल्लाला उचलायची रीत आजूबाजूच्यांना ठाऊक आहे का, दवाखाना किती लांब आहे, याने. आणि ज्या काट्याने हलक्या मल्लाला वाचवलं, तोच काटा त्याचा वैरीही होतो. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन घटवताना मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमने बाद झाली. अमन सेहरावतने कांस्याच्या लढतीआधी दहा तासांत ४.६ किलो उतरवले. पदक मिळालं म्हणून ती गोष्ट कौतुकाने सांगितली जाते.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या धानोऱ्याकडे यायला कोल्हापूरच्या या सगळ्या वैभवाला फारशी वाट सापडली नाही. तालमी, थंडाई, खासबाग हे दक्षिण महाराष्ट्राचं. झाडीपट्टीत धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या की मंडईची जत्रा, शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती आणि रात्रभराचं नाटक. अंगाला अंग भिडवायचा इथला खेळ कबड्डी. गडचिरोली पोलीस आदिवासी तरुणांसाठी जी कबड्डी स्पर्धा घेतात तिला वीर बाबुराव शेडमाके यांचं नाव आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनी चांद्याला फाशी दिलेला हा गोंड वीर. याच विदर्भातून, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला गेलं आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्यांत हुतूतूही होता.

कबड्डीतही काटा आहे, पण उलटा टांगलेला. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना ८५ किलोंच्या वर जाता येत नाही, महिलांना ७५ च्या वर. गदेला खालची मर्यादा, कबड्डीला वरची, आणि दोन्हींत अंतर एका किलोचं. ८६ च्या खालचा माणूस गदेतून बाद, ८५ च्या वरचा कबड्डीतून. शिवाय खालच्या बाजूला कबड्डीत आडकाठीच नाही. साठ किलोंचा पोरगा ऐंशीच्या कोपरारक्षकासमोर चढाईला जाऊ शकतो, आणि जातो. त्याचं भांडवल वेगळं असतं: दम, पायाची झेप, बचावात सहा-सात भिडू असताना बोनस रेषेवर चोरलेला गुण. दोघांनी हात धरून साखळी केली की तिच्या खालून अंग काढायचं. चढाईपटू प्रदीप नरवालच्या ज्या डुबकीवर प्रो कबड्डीत स्टेडियमं ओरडत, तिला कमी उंची आडवी येत नाही, उलट उपयोगी पडते.

जायबंदी होण्याचा हिशेब इथेही वजनावर जमत नाही. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई अंगापिंडाने असा की त्याला ‘बाहुबली’ म्हणतात. पहिल्याच हंगामात, २०१८ मध्ये, त्याने चढाईचे दोनशेवर गुण घेतले, पुढे खांद्याने दगा दिला. त्या वेळी लीगमधला सर्वांत महागडा ठरलेला पवन सेहरावत २०२२ चा हंगाम सुरू होताच पहिल्या सामन्यात गुडघा धरून बाहेर गेला. दोघांनाही कुणी लहान चणीचं म्हणणार नाही.

धानोऱ्याच्या बाजूच्या गावांत खेळ मातीवर होतो. चुन्याच्या रेषा, भोवती दोरी, बल्ब टांगलेले. मातीवर अनवाणी पाय सरकतो, मॅटवर बुटाचा तळवा घट्ट धरतो आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. म्हणून गावात दहा वर्षं खेळलेला गडी मॅटवर पहिल्या महिन्यात लंगडताना दिसला तर नवल नाही. गावच्या स्पर्धांत खुला गट असतो, सोबत वजनाची अट घातलेला गटही ठेवतात, पण तिथली तपासणी ओळखीपाळखीवर चालते. निवड चाचणीत मात्र खरा काटा समोर येतो. तिथे हलकी पोरं केळी खात निवांत बसलेली असतात, आणि पहाटेपासून उपाशी, अंगातला सदराही काढून, पाव किलोसाठी काट्यावर पुन्हा पुन्हा चढत-उतरत असतो तो संघातला सगळ्यांत दणकट भिडू.