लोहगड, फोन आणि आई

बॅटरी वाचवणारी सॉफ्टवेअरं तपासायची माझी प्रयोगशाळा म्हणजे लोहगड. मळवलीला उतरायचं, बॅटरीचा आकडा वहीत टिपायचा आणि चालू लागायचं. गायमुख खिंडीच्या आसपास रेंज गेली की फोन टॉवर शोधत बसतो आणि खिशात नुसता पडूनही बॅटरी खातो.

२०१५ साली अँड्रॉइड ६ बरोबर 'डोझ' आलं. पडदा बंद, चार्जर नाही आणि फोन जागचा हलत नाही, असं दिसलं की ते अ‍ॅप्सना झोपवायचं, अधूनमधून जरा वेळ उठवायचं. टेबलावर उत्तम! पण गड चढणाऱ्याच्या खिशात फोन स्थिर कसा राहणार? २०१६ साली अँड्रॉइड ७ ने हलत्या फोनलाही छोटी डुलकी घेऊ दिली. माझ्या वहीतले आकडे जरा सुधारले.

रेंज शोधणं मात्र त्यानेही थांबेना. म्हणून एकदा सरळ विमान मोड लावला. संध्याकाळी खाली आलो तेव्हा बॅटरी जवळजवळ भरलेली. विजयी मुद्रेने घरी फोन केला. दुपारपासून फोन लावून थकलेली आई म्हणाली, "वाचवलीस ती कुणासाठी रे?"

आमच्या लोणावळ्यात वळवणला पावसाचं पाणी साठवतात, आणि १९१५ पासून त्यावर खाली खोपोलीत वीज होते. धरण नुसतं भरून ठेवण्यासाठी कुणी बांधत नाही, हे रोज बघूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

असो. आता वर पोचलो की आधी विमान मोड काढतो. रेंज मिळाली की पहिला फोन घरी. आकड्यांची वही नंतर.