थिजलेले डिझेल

पौष महिन्यात आपल्या मालेगावात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तर थेंब पडत नाही. कोणी ती चुलीच्या उबेला ठेवतो, कोणी उन्हात. तेल नासले असे आपण म्हणत नाही. थिजले म्हणतो आणि थोडी वाट पाहतो. श्रोतेहो, आमचा आजचा विषय हाच आहे. बाटलीच्या जागी मालट्रकची टाकी घ्या, आणि उन्हाच्या जागी लडाखातील अशी सकाळ घ्या, की जेथे सूर्य वर येऊनही पारा शून्याच्या वर चढत नाही.

आपले गाव अकोला–वाशीम–नांदेड रस्त्यावरचे. ट्रकांची रांग आपल्याला नवी नाही. डिझेल थिजणे मात्र आपण कधी पाहिलेले नाही. आपल्याकडे ओलिताच्या इंजिनाला त्रास झाला तो कचऱ्याचा, पाण्याचा, फार तर भेसळीचा. म्हणून या गोष्टीचे मूळ दूर शोधावे लागते.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराचे यंत्र १८९७ साली आउग्सबुर्ग येथील कारखान्यात कसोटीला उतरले. त्याने इंधनातील सव्वीस टक्के उष्णता कामी लावली; वाफेच्या यंत्राला त्या काळी याच्या निम्मीही साधत नसे. या यंत्रात ठिणगी नाही. हवा इतकी दाबावयाची की ती तापून लाल व्हावी तशी होते, आणि मग तीत तेलाचा फवारा सोडावयाचा. तेल आपोआप पेटते. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असले एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते, हे आपल्यासारख्या तेलबियांच्या मुलखाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता तेल आपोआप पेटावयाचे तर ते चटकन पेटणारे हवे. हा गुण मोजण्यासाठी ‘सीटेन’ नावाच्या पदार्थाला शंभर गुण दिले गेले. हे नाव देवमाशाच्या लॅटिन नावावरून आले, कारण त्याच्या डोक्यातील मेणाशी या पदार्थाचे नाते होते. आणि येथेच गंमत आहे. हे शंभर गुणांचे सीटेन अठरा अंशांवर गोठते! म्हणजे लडाख दूरच राहिला, आपल्या गावात डिसेंबरच्या रात्री ओसरीवर ठेवले तरी त्याचा खडा होईल. उलट पेट्रोलच्या मोजपट्टीवर ज्याला शंभर गुण, ते आयसोऑक्टेन शून्याखाली शंभर अंशांवरही पातळच असते. डिझेलमध्ये चांगले पेटते ते मेण, आणि थंडीत आधी थिजते तेही मेणच. इंधन शुद्ध असले म्हणून ही अडचण टळत नाही. ‘पंपवाल्याने फसविले’ असे म्हणणारा ड्रायव्हर पुष्कळदा त्या बिचाऱ्यावर अन्याय करीत असतो.

हे कसे घडते तेही पाहू. गारठा वाढला की तेल प्रथम गढूळ दिसते. मेणाचे बारीक स्फटिक सुटू लागलेले असतात. ते फिल्टरच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाचा घास तुटतो. आणखी गारठा पडला की सारे तेलच खिरीसारखे होते. त्यासाठी शंभरात दोन भाग मेण सुटले तरी पुरते. दिवसा गाडी चालू असताना इंजिनाकडून जास्तीचे तेल गरम होऊन टाकीत परतते, म्हणून त्रास जाणवत नाही. घात होतो तो रात्रीच्या मुक्कामात.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोपुढे जर्मनांचे हाल झाले, त्याचे खापर कित्येक जण डिझेलवर फोडतात. ते खरे नव्हे. जर्मन रणगाडे पेट्रोलवर चालत. गोठले ते वंगण, आणि इंजिनाखाली जाळ करावा लागला तो त्यापायी. डिझेलवर चालत होता तो रशियनांचा टी-३४. सोव्हिएत प्रमाणकांत पुढे उन्हाळी, हिवाळी आणि ध्रुवप्रदेशी असे डिझेलचे तीन वर्ग ठरले. थंडीशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांनी तेलालाच ऋतूप्रमाणे कपडे चढविले.

आपल्याकडे १९५९ साली जबलपूरला लष्करासाठी ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागले, ते ज्या मान कंपनीच्या सहकार्याने, तिच्याच आउग्सबुर्गच्या कारखान्यात डिझेलचे पहिले यंत्र जन्मले होते. तीन वर्षांनी चीनचे युद्ध झाले आणि हिमालयातील रस्त्यांवर ट्रकांची ये-जा वाढली. तेथील चालकांनी आपापले उपाय शोधले. टाकीखाली शेगडी किंवा चिंध्यांचा जाळ, डिझेलमध्ये रॉकेल, रात्रभर इंजिन चालूच. जाळाचा धोका सांगावयास नको. रॉकेलने तेल पातळ होते खरे, पण पंपाला लागणारा ओशटपणा जातो. शिवाय ती भेसळ कायद्याने गुन्हा आहे. मेणाचे स्फटिक बारीक ठेवणारी औषधेही असतात. पण ती मेण सुटण्याआधीच घातली तर उपयोगी. थिजलेल्या टाकीत ओतून काही होत नाही.

आपल्या भारतीय प्रमाणकात हिवाळी डिझेल तीन अंशांपर्यंत आणि उन्हाळी पंधरा अंशांपर्यंत वाहते राहावे, एवढीच अट होती. मालेगावाला ती पुरेशी, कारगिलला ती थट्टा. सामान्य पंपावर मिळणारे, शून्याखाली तेहतीस अंशांपर्यंत न थिजणारे डिझेल इंडियन ऑइलने पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात काढून लडाखला पोचविले ते २०१९ च्या नोव्हेंबरात. शक्तिमानच्या जन्मानंतर साठ वर्षांनी! विद्या पूर्वीच होती. थोड्या गिऱ्हाइकांसाठी वेगळे तेल काढण्याची निकड कोणाला वाटली नव्हती, असे आम्हांस वाटते. उशीर झाला तेवढे हिवाळे तेथील चालकांनी शेगडीवर काढले.

२०१८ च्या धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के जैवडिझेल मिसळावयाचे आहे. पॅरिसचे भुईमुगाचे तेल असे फिरून टाकीत येणार. पण वनस्पतिजन्य तेलापासून केलेले इंधन बहुधा खनिज डिझेलच्याही आधी थिजते. तेव्हा इथून माल घेऊन उत्तरेस निघालेल्या चालकाने मनालीला वर चढण्याआधी हिवाळी डिझेल कोठे मिळते हे विचारून घ्यावे, आणि टाकीत खालचे तेल थोडे उरले असतानाच ते भरावे.