काँग्रेस संसदीय पक्षाची नेतानिवड, १९६६

पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांचे ११ जानेवारी १९६६ रोजी पहाटेच्या आधी ताश्कंद येथे अकस्मात निधन झाल्यावर त्यांचा उत्तराधिकारी ठरविण्यासाठी सत्तारूढ काँग्रेस पक्षाच्या खासदारांनी १९ जानेवारी १९६६ रोजी नवी दिल्लीत, संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात, गुप्त मतदान केले. या मतदानात इंदिरा गांधी यांना ३५५ आणि मोरारजी देसाई यांना १६९ मते मिळाली व इंदिरा गांधी भारताच्या तिसऱ्या पंतप्रधान झाल्या. केंद्रातील सत्तारूढ पक्षात पंतप्रधानपदासाठी उघड चुरस होऊन प्रत्यक्ष मते मोजली जाण्याचा हा पहिला प्रसंग होता. तो आला तेव्हा देश युद्ध, दुष्काळ, परकीय चलनाची टंचाई आणि अन्नधान्याची आयात या चार अडचणींत एकाच वेळी सापडला होता, आणि या निवडीचा खरा अर्थ त्या अडचणी बाजूला ठेवून लावता येत नाही.

राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणे पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतात. तथापि लोकसभेत ज्या पक्षाचे बहुमत असेल त्या पक्षाचा नेता राष्ट्रपतींनी बोलवावा असा संकेत असल्यामुळे पंतप्रधान कोण हे प्रत्यक्षात बहुमतवाल्या पक्षाच्या खासदारांच्या बैठकीतच ठरते. लोकसभा व राज्यसभा अशा दोन्ही सभागृहांतील काँग्रेस सदस्यांचा मिळून जो गट होतो त्याला काँग्रेस संसदीय पक्ष म्हणत, आणि नेता निवडण्याचा अधिकार औपचारिकरीत्या त्याचाच होता. १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर मात्र हा अधिकार वापरण्याची वेळ येऊ दिली गेली नव्हती. पक्षाध्यक्ष के. कामराज यांनी खासदार व राज्यांतील पुढारी यांचा कल एकेकाला भेटून अजमावला, शास्त्री यांच्याकडे झुकते माप असल्याचा निष्कर्ष काढला आणि मोरारजींनी तो मान्य करून माघार घेतली. या पद्धतीला सर्वसंमती असे नाव पडले. दीड वर्षानंतर मोरारजींनी दुसऱ्यांदा माघार घेण्यास ठाम नकार दिला, म्हणून १९६६ मध्ये मतपेटी ठेवावी लागली. लोकशाही पक्षात नेतेपद मतांनी ठरावे ही त्यांची भूमिका तत्त्वतः निर्दोष होती, आणि पराभव समोर दिसत असतानाही त्यांनी ती सोडली नाही याची नोंद घेतली पाहिजे.

१९६५ चा पावसाळा देशाच्या मोठ्या भागात कोरडा गेला होता. १९६४-६५ मध्ये सुमारे ८.९ कोटी टन असलेले अन्नधान्याचे उत्पादन १९६५-६६ मध्ये सुमारे ७.२ कोटी टनांवर आले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा घटला. ही तूट भरून काढण्याचा मुख्य मार्ग अमेरिकेचा गहू हा होता. ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५४ च्या अमेरिकी कायद्याखाली तो रुपयांत किंमत देऊन मिळे, त्यामुळे डॉलर खर्चावे लागत नसत. पण सप्टेंबर १९६५ मधील भारत-पाक युद्धानंतर अमेरिकेने आर्थिक मदत थांबविली आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाचे दीर्घ मुदतीचे करार न करता थोड्या थोड्या मालाला परवानगी देण्याचे धोरण धरले. भारतीय बंदरांत पुढची जहाजे लागणार की नाही हे वॉशिंग्टनच्या मर्जीवर अवलंबून राहू लागले. शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते आणि शहरांतील अनेक हॉटेले व खानावळी त्या संध्याकाळी चूल पेटवीत नसत. महाराष्ट्रात या परावलंबनाची आठवण एका तणाच्या नावातही राहिली आहे. पुण्याच्या परिसरात पन्नाशीच्या दशकात प्रथम आढळलेले आणि पुढे राज्यभर फोफावलेले गाजरगवत आयात गव्हातून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ हे नाव देऊन टाकले.

धान्याच्या टंचाईमागे पैशाची टंचाई होती. १९६२ च्या चीनयुद्धापासून संरक्षणखर्च वाढलेला होता, महागाई चढत होती, तिसरी पंचवार्षिक योजना मार्च १९६६ मध्ये संपत होती आणि चौथीसाठी साधने कोठून आणावीत याचे उत्तर कोणाकडे नव्हते. जागतिक बँकेने पाठविलेल्या बेल मंडळाने रुपयाचे अवमूल्यन, म्हणजे परकीय चलनाच्या तुलनेत रुपयाची अधिकृत किंमत कमी करणे, सुचविले होते. त्याला विरोध असलेले अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी स्वतःवरील आरोपांच्या चौकशीच्या प्रश्नावरून ३१ डिसेंबर १९६५ रोजी राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी सचिंद्र चौधुरी हे पक्षात फारसे वजन नसलेले कायदेपंडित आले. अकरा दिवसांच्या अंतराने देशाने आधी अर्थमंत्री आणि मग पंतप्रधान गमावला.

दोन उमेदवारांपैकी मोरारजी देसाई, वय ६९, यांचा अनुभव निर्विवादपणे मोठा होता. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि १९५८ ते १९६३ या काळात केंद्राचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी काम केले होते. काटकसर, कर आणि शिस्त यांवर त्यांचा विश्वास होता व तो ते लपवीत नसत. पण लोकांनी त्यांच्या अर्थकारणाचा हिशेब निराळ्या रीतीने ठेवला होता. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली, तेव्हा बावीस कॅरटवर हात बसलेला गावोगावचा सोनार भट्टीसमोर रिकामा बसला, आणि मुलीच्या लग्नासाठी पुतळ्या किंवा पाटल्या करू पाहणाऱ्या घराला सरकार थेट आपल्या डब्यात हात घालते असे वाटले. सक्तीच्या बचत योजनेनेही तसाच रोष ओढवून घेतला. मराठी मुलखात त्यांच्याविषयीची कटुता याहून जुनी व खोल होती. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत झालेल्या गोळीबारांच्या वेळी मुख्यमंत्री तेच होते, आणि हुतात्म्यांची आठवण दहा वर्षांनी ओसरलेली नव्हती.

इंदिरा गांधी, वय ४८, राज्यसभेच्या सदस्य आणि शास्त्री मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी मंत्री होत्या. १९५९ मध्ये त्या पक्षाध्यक्ष होत्या, परंतु आर्थिक प्रश्नांवर त्यांची स्वतःची म्हणावी अशी मांडणी लोकांसमोर आलेली नव्हती. त्यांच्या पाठिराख्यांना ही उणीव वाटली नाही. उलट ज्यांचे मत ठरलेले नाही त्यांना आपल्या मताने चालविता येईल, असा हिशेब त्यामागे होता.

हा हिशेब करणाऱ्यांना तत्कालीन वृत्तपत्रांनी सिंडिकेट हे नाव दिले होते. कामराज, पश्चिम बंगालचे अतुल्य घोष, म्हैसूरचे एस. निजलिंगप्पा, आंध्रचे एन. संजीव रेड्डी आणि मुंबईचे स. का. पाटील हे प्रांतोप्रांतीचे संघटक त्यात मोडत. मोरारजींना रोखावे यावर यांच्यातील बहुतेकांचे एकमत असले, तरी पर्याय कोण यावर नव्हते. घोष यांनी कामराज यांनाच गळ घातली तेव्हा, हिंदी व इंग्रजी या दोन्ही भाषांवर प्रभुत्व नसताना हे पद कसे पेलावे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी तो विचार बाजूला सारला असे सांगितले जाते. काळजीवाहू पंतप्रधान गुलझारीलाल नंदा यांनाही पद हवे होते, पण त्यांच्यामागे बळ नव्हते. सार्वत्रिक निवडणूक वर्षावर आली होती, आणि महाग धान्याने चिडलेल्या मतदारासमोर देशभर ओळखले जाणारे नाव घेऊन जाण्याची पक्षाला गरज होती. नेहरूंची कन्या ही ओळख खेड्यातल्या मतदाराला समजावून सांगावी लागत नव्हती.

निर्णायक वळण मात्र सिंडिकेटने दिले असे म्हणणे पुरते बरोबर नाही. ते मुख्यमंत्र्यांनी दिले. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी पुढाकार घेऊन इतर राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एकत्र आणले आणि त्यांनी इंदिरा गांधी यांना पाठिंबा जाहीर केला. मागाहून बहुतेक काँग्रेसशासित राज्ये त्याच बाजूला गेली. पुढच्या निवडणुकीची तिकिटे राज्यातील श्रेष्ठींच्या शब्दावर मिळणार असल्यामुळे खासदाराला या जाहीर पाठिंब्याचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नव्हती. मतदान गुप्त असले तरी दबाव उघड आहे, असा मोरारजींचा आक्षेप होता आणि तो गैरलागू नव्हता. मुख्यमंत्र्यांच्या या पाठिंब्यामागे आर्थिक कारणही होते. धान्याच्या हालचालीवर राज्यवार निर्बंध असल्यामुळे कोणत्या राज्यातून किती धान्य बाहेर जाईल आणि कोणाला आयात गव्हाचा किती वाटा मिळेल हा दिल्ली व राज्ये यांच्यातील रोजचा झगडा बनला होता. अशा काळात केंद्रात कडक पंतप्रधान असण्यापेक्षा आपले ऐकणारा असावा, असे मुख्यमंत्र्यांना वाटणे साहजिक होते.

महाराष्ट्राची भूमिका या संदर्भात लक्षणीय आहे. चीनयुद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत बोलावले गेलेले, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ अशा शब्दांत ज्यांचे जाणे मराठी माणसाने कायमचे नोंदविले, त्या यशवंतराव चव्हाण यांचे नाव संभाव्य उमेदवारांत घेतले जात होते. १९६५ च्या युद्धाने त्यांची प्रतिष्ठा वाढली होती. तरीही प्रांताबाहेर पुरेसे बळ जमणार नाही हे ओळखून ते स्पर्धेत उतरले नाहीत आणि त्यांचे वजन इंदिरा गांधी यांच्या पारड्यात पडले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यासमोर टंचाईचा प्रश्न उभा होता. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी, असे त्यांनी १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीरपणे म्हटले होते, इतका तो निकराचा होता.

१९ जानेवारीच्या सकाळी इंदिरा गांधी राजघाट आणि शांतिवन येथे गांधी व नेहरू यांच्या समाधींचे दर्शन घेऊन पांढऱ्या खादीच्या साडीत मध्यवर्ती सभागृहात आल्या. त्यांना सुमारे दोन तृतीयांश मते पडली. उरलेली १६९ मते मात्र दुर्लक्षिण्याजोगी नव्हती: पक्षाध्यक्ष, बहुतेक मुख्यमंत्री आणि नेहरूंचे नाव एका बाजूला असताना जवळजवळ तिसरा हिस्सा विरुद्ध गेला, आणि त्यात गुजरात व उत्तर प्रदेशातील खासदारांबरोबर, बिकट काळात अनुभवी प्रशासक हवा असे प्रामाणिकपणे वाटणारेही होते. २४ जानेवारी रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी नव्या पंतप्रधानांना शपथ दिली.

आठ दिवसांच्या या धावपळीत रुपयाची किंमत, धान्याच्या हालचालीवरील निर्बंध, चौथ्या योजनेचा आकार किंवा परकीय मदतीच्या अटी यांपैकी एकाही प्रश्नावर दोन्ही उमेदवारांत लोकांसमोर वाद झाला नाही, ही या निवडीची सर्वांत मोठी उणीव होय. चर्चा माणसांची झाली. धोरणाचा कौल कोणी मागितला नाही. प्रश्न मात्र थांबले नाहीत. केरळात तांदळाच्या शिध्यावरून जानेवारीच्या अखेरीसच आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिम बंगालमध्ये अन्न आंदोलनात रक्त सांडले. मार्चच्या अखेरीस नव्या पंतप्रधान वॉशिंग्टनला गेल्या, आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे ३६.५ टक्के अवमूल्यन जाहीर झाले: ४ रुपये ७६ पैशांना मिळणाऱ्या डॉलरला ७ रुपये ५० पैसे पडू लागले. हा निर्णय मोजक्या सल्लागारांच्या वर्तुळात झाला; कामराज यांना विश्वासात घेतले गेले नव्हते, त्यांनी त्याचा उघड निषेध केला आणि कार्यकारिणीतही टीका झाली. ज्यांनी आपले ऐकेल म्हणून नेता निवडला, त्यांना पाच महिन्यांतच हा अनुभव आला. अवमूल्यनाच्या बदल्यात अपेक्षित असलेली मदत पुरेशी आली नाही, १९६६ चा पाऊसही अपुरा पडला, त्या वर्षी सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले आणि चौथी योजना लांबणीवर टाकून तीन वर्षे वार्षिक योजनांवर काढण्यात आली. या खंडाला योजनासुट्टी म्हणतात. याच वर्षी कृषिमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांच्या पुढाकाराने मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले. पुढील हरितक्रांतीचा पाया त्यातून घातला गेला, आणि शास्त्रींच्या काळात आखलेले हे धोरण नव्या पंतप्रधानांनी टीका होत असतानाही चालू ठेवले हे त्यांच्या श्रेयाचे आहे.

फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या लोकसभेतील जागा ३६१ वरून २८३ वर आल्या. कामराज स्वतःच्या विरुधुनगरमध्ये, अतुल्य घोष पश्चिम बंगालमध्ये आणि स. का. पाटील दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून पराभूत झाले. मार्चमध्ये नेतेपदाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तेव्हा दुबळ्या झालेल्या पक्षाला दुसरे मतदान परवडणारे नव्हते. तडजोड होऊन इंदिरा गांधी बिनविरोध निवडल्या गेल्या आणि मोरारजी उपपंतप्रधान होऊन अर्थखात्यात परतले. १६ जुलै १९६९ रोजी ते खाते त्यांच्याकडून काढून घेण्यात आले, त्यांनी मंत्रिमंडळ सोडले, १९ जुलै रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि नोव्हेंबरमध्ये पक्ष दुभंगला तेव्हा मोरारजी व सिंडिकेटचे पुढारी, १९६६ मध्ये परस्परांविरुद्ध असलेले, एकाच बाजूला बसले होते.