रासबेरी, टिपारी, तक्काळी

थंडी उतरणीला लागली की बंगळुरात राजाजीनगरच्या फळगाड्यांवर एक फळ कागदी झगा घालून येतं. झगा वाळक्या पानाच्या रंगाचा, आत सोनेरी गोळी. आमच्या घरी त्याचा सॉस होतो आणि गार रबडीवर किंवा व्हॅनिला आइस्क्रीमवर पडतो. कृती चार ओळींची आहे, ती सांगतोच. पण त्याआधी नावांचा गुंता सोडवू या, कारण मला तरी सॉसपेक्षा त्याचाच नाद जास्त लागला.

मुंबईकर या फळाला रासबेरी म्हणतो. उत्तरेकडचा माणूस रसभरी म्हणतो. सुपरमार्केटातल्या चिठ्ठीवर केप गूसबेरी किंवा गोल्डन बेरी असतं, कन्नडमध्ये या जातीच्या फळांना बुड्डे हण्णु म्हणतात. आणि राजाजींसारख्या तमिळ नेत्याचं नाव लावणाऱ्या वस्तीत तमिळ कानावर पडायचंच. तमिळमध्ये याच्या रानटी भावंडाला म्हणतात सोडक्कु तक्काळी. सोडक्कु म्हणजे बोटांची चुटकी. फुगलेला झगा कपाळावर आपटला की फट्ट वाजतो, म्हणून. आपल्याकडे बांधावरच्या पोपटीचे, म्हणजे चिरबोटाचे, पोरं हेच हाल करतात.

मी अडकलो तो ‘तक्काळी’पाशी. कारण नुसतं तक्काळी म्हटलं की तमिळ आणि मल्याळी माणसाच्या डोळ्यांपुढे टोमॅटो येतो. मग नाव कुणी कुणाचं घेतलं? पहिल्या फटक्यात वाटतं, टोमॅटोसारखं दिसणारं छोटं फळ म्हणून पोपटीला ‘चुटकी-टोमॅटो’ म्हणाले असतील. पण तमिळ स्वयंपाकघरात तिसरी तक्काळी आहे: मणत्तक्काळी, आपली काकमाची. तिचा पाला भाजीत जातो, वाळवलेली फळं वत्तकोळंबूत. ती इथली जुनी रहिवासी. टोमॅटो आला पोर्तुगीजांनंतर, समुद्रापलीकडून. तेव्हा घरात आधीपासून असलेल्या लहान लहान तक्काळ्यांचं नाव या थोरल्या लाल पाहुण्याला मिळालं, आणि पाहुण्यानं ते असं बळकावलं की मूळ मालकिणींना चुटकी आणि ‘मण’ अशी विशेषणं लावून फिरावं लागलं.

इथवर सरळ आहे. चकित व्हायची वेळ पुढे आली. टोमॅटोच्या मायदेशी, मेक्सिकोत, हीच चोरी आधी घडून गेली होती! नाहुआत्ल भाषेत तोमात्ल म्हणजे गोल, रसाळ बेरी. त्या देशाच्या मध्यभागात आजही ‘तोमाते’ म्हटलं की कागदी झग्यातलं हिरवं फळ हाती पडतं. लाल टोमॅटो हवा असेल तर ‘हितोमाते’ म्हणावं लागतं. स्पॅनिश लोकांनी आखूड नाव उचललं आणि लाल फळावर चिकटवलं. ते युरोपभर पसरलं, तिथून आपल्याकडे. म्हणजे मेक्सिकोत आणि तमिळ देशात, एकमेकांना काही पत्ता नसताना, टोमॅटोला झगेवाल्या बेरीच्याच घराण्यातलं नाव लाभलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो कच्चा नाही. दोन्ही भाषांत हे शब्द कुठल्याही गोल, बियाळ, रसाळ फळाला लावले जात असतील. मग यात नवल ते काय? मान्य. पण शब्द ढोबळ असला तरी वडीलकी कुणाची हे बदलत नाही. लहान फळं आधीची, टोमॅटो नंतरचा. शिवाय उत्तरेतही साक्षीदार आहे. इंग्रजांच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या बाजूला, झगेवाल्या बेरीला ‘माको’ म्हणत, असं ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात नोंदलं आहे, आणि मको किंवा मकोय म्हणजे पुन्हा काकमाचीच. तिथे टोमॅटोला हे नाव मिळालं नाही, बेरीला मिळालं. काकमाचीचं नाव उसनं घ्यायची खोड देशाच्या दोन टोकांना होती, एवढं यावरून नक्की. मराठीनं मात्र या भानगडीत हात घातला नाही. विदर्भानं टोमॅटोसाठी स्वतंत्र भेद्रं काढलं, बाकीच्यांनी टोमॅटोच ठेवला. माझा तर्क असा, की पोपटी आपल्याकडे पोरांच्या खेळात राहिली, चुलीपर्यंत गेलीच नाही. जे रोजच्या स्वयंपाकात नाही त्याचं नाव कोण उसनं घेणार?

यूल आणि बर्नेल यांचा हा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश 1886 साली निघाला, आणि विल्यम क्रुकनं वाढवलेली आवृत्ती 1903 साली. त्यात आपलं फळ ‘टिपारी’ या नावाखाली सापडतं. साहेबलोकांत हेच नाव चालत असे आणि टिपारीचा जॅम फार नावाजलेला होता. कोशकार तीन कोड्यांशी झटापट करतात. बंगालीतल्या टेपा माशाशी, म्हणजे पोटात हवा भरून फुगणाऱ्या माशाशी, टिपारीचं नातं असावं, हे पहिलं. मला ते पटतं. झगा फुगतो तसाच मासा फुगतो, आणि लॅटिन ‘फायसॅलिस’ हे नावही ‘फुगा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे.

दुसरं कोडं जास्त मजेचं. अमेरिकन नौदलातल्या चार्ल्स विल्क्सच्या मोहिमेनं प्रशांत महासागरातल्या किंग्जमिल बेटांवर, म्हणजे आजच्या किरिबातीत, गूसबेरीसारखं एक फळ पाहिलं. लोक ते वाळवून कुटत आणि काकवीत घालून गोड वड्या करत. 1845 साली छापलेल्या प्रवासवृत्तात विल्क्सनं फळाचं नाव दिलं आहे ‘तेइपारू’. टिपारी आणि तेइपारू! कोशकारांनी हे फार चमत्कारिक आहे असं म्हणून हात टेकले. मला वाटतं, टेकायची गरज नव्हती. किरिबातीच्या भाषेत ‘ते’ हे नामाआधी लागणारं उपपद आहे, आणि तिथल्या एका अंजिराच्या जातीला ‘ते बेरो’ म्हणतात. त्याची फळं माडीच्या काकवीत घालून आजही खातात. मोहिमेतल्या कुणाच्या तरी कानानं ‘ते बेरो’चं तेइपारू केलं असणार. म्हणजे फळ वेगळं, झाड वेगळं, नावातलं साम्य निव्वळ योगायोगाचं. एका सुंदर सिद्धांताचा असा जीव घ्यायला मलाही वाईट वाटतं.

तिसरं कोडं ‘केप’चं. रूढ समजूत अशी, की केप म्हणजे केप ऑफ गुड होप. यावर फर्ग्युसन नावाच्या एका गृहस्थांनी शंका काढली: फळ मुळात दक्षिण अमेरिकेचं, मग आफ्रिकेचं नाव कशाला? केप म्हणजे इथे अंगावरचा झगाच असणार. कल्पना इतकी गोड आहे की खरी असावी असं वाटत राहतं. पण तारखा तिच्या विरुद्ध जातात. लिनियसनं 1763 साली या फळाला ‘पेरुव्हियाना’ हे नाव दिलं, 1774 पर्यंत ते इंग्लंडात लागलेलं होतं, 1807 च्या आधी केपमधले वसाहतवाले ते पिकवत होते, आणि तिथून ऑस्ट्रेलियात गेल्यावर ‘केप गूसबेरी’ हे नाव रुळलं. जिथून रोप आलं त्या बंदराचं नाव चिकटलं, दुसरं काही नाही. जाता जाता: खरोखर पेरू देशातून आलेल्या फळाला मराठीत ते नाव नाही, आणि पेरू म्हणून आपण खातो त्याचं नाव बहुधा पोर्तुगीजांच्या पेअरवरून, ‘पेरा’वरून, आलेलं.

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे, तर टिपारी त्यांनी आणली की इंग्रजांनी, याचाही निकाल लावतो. टिपारीचं आणखी एक इंग्रजी नाव ब्राझील चेरी, म्हणून काही जण पोर्तुगीजांकडे बोट दाखवतात. पण पोर्तुगीजांनी जे आणलं त्यातल्या बऱ्याच जिनसांचं नावही सोबत आलं: काजू, अननस, पपई, बटाटा. ब्राझीलमध्ये या घराण्यातल्या फळांना कामापू म्हणतात. मराठीत कामापू कुठे आहे? माझं मत इंग्रजांच्या बाजूचं, केपमार्गे.

त्याला बळ देतं ते ‘रासबेरी’ हे नाव. रसभरी म्हणजे रसानं भरलेली, असा अर्थ शाळेतल्या पोरालाही लागतो, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. फळ फोडून बघा. रस बेताचा, बिया मुबलक. रसानं भरलेलं म्हणायचं तर जांभळाचा मान आधी. मुंबईचं ‘रासबेरी’ हेच मूळच्या इंग्रजीच्या जवळचं, आणि रसभरी हे त्यावर चढवलेलं देशी कापड. पण पिवळ्या फळाला लाल रास्पबेरीचं नाव का, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल. हिमालयात हिसालू म्हणून एक रानटी रास्पबेरी होते, सोनेरी पिवळी. उन्हाळ्यात डोंगरात हिसालू तोडणारे साहेब हिवाळ्यात मैदानात उतरले की बाजारात दुसरी पिवळी, आंबटगोड बेरी भेटत असे. नाव डोंगरातून खाली आलं, फळ वरच राहिलं. हा माझा अंदाज आहे, पण याहून बरा कुणी सांगितलेला माझ्या वाचनात नाही.

आइस्क्रीमवर बेरीचा सॉस ओतायची चाल एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याच्या पीच मेल्बामुळे जगभर गेली, हे ठाऊक असतंच. जॅम इंग्रजांचा, हेही. पण झगेवाल्या बेरीचा मूळ धंदा सॉसचाच. साआगुन या पाद्र्यानं 16 व्या शतकात मेक्सिकोच्या बाजारातले तोमाते, मिरची, भोपळ्याच्या बिया घालून सॉस विकणारे लिहून ठेवले आहेत. तिथला हिरवा साल्सा आजही याच फळांचा होतो. ती जात वेगळी, आंबट-तिखटाची. आपली अँडीजमधली, गोडाकडे झुकणारी. गुण मात्र घराण्याचा. या फळात आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही भरपूर, म्हणून सॉस लिंबाशिवाय धरतो. स्ट्रॉबेरीला पेक्टिन बेताचं असल्यानं तिला लिंबू पिळून जास्त वेळ ढवळत बसावं लागतं, तेव्हा कुठे ती दाटते.

तेव्हा कृती. झगा पूर्ण वाळलेला आणि फळ सोनेरी असेल तेच घ्या. हिरवट फळ पोटाला बाधतं, ते टाका. झगे काढा. सालीवर चिकट लेप असतो, तो कोमट पाण्यात चोळून धुवा. पाव किलो फळं अर्धी चिरून स्टीलच्या पातेल्यात घाला. अॅल्युमिनियम नको, आंबट आहे. वर शंभर ग्रॅम साखर, तीन-चार चमचे पाणी. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, डावानं ठेचत. एकतारी पाकाच्या अलीकडेच उतरवा, कारण गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो आणि थांबलात तर जॅम होऊन बसेल. बिया आवडत नसतील तर गाळा. मी गाळत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. आमच्या शेजारच्या कन्नड बाईंनी चव घेऊन हा गोज्जूच आहे, मिरची-गूळ विसरलात, असा निकाल दिला, आणि अननसाच्या आंबट-गोड-तिखट गोज्जूच्या शेजारी ठेवला तर ते अगदीच चूक नाही.

फळ मार्चपर्यंत मिळतं, तेवढ्यात करून बघा. गरम बासुंदीवर मात्र ओतू नका, दूध फाटेल.